वाटेवरच्याचं पान: मालवणातल्या एका घराण्याचा शोध

2022 च्या गणपतीत सासुरवाडीला गेलो तेव्हा भिंतीवर नवी फ्रेम दिसली. मेव्हण्याने वंशावळीच्या एका साईटची वर्षाची वर्गणी भरली होती आणि अकरा पिढ्यांचा वृक्ष छापून आणला होता. खाली त्याची दोन मुलं, वर शिवकालातला कुणीतरी. मोदक खात खात खालून वर वाचत गेलो आणि पाचव्या ओळीवर थांबलो. पणजोबांचं नाव बरोबर होतं. पण त्यांच्या जन्मसालातून वरच्या ओळीतल्या बापाचं जन्मसाल वजा केलं, तर उत्तर नऊ आलं.

"भावोजी, साईटनेच मॅच दाखवला," मेव्हणा म्हणाला.

मॅच आडनावावर झाला होता. आडनाव 'कर' लागलेलं, एका गावावरून पडलेलं. (कुटुंबाच्या सांगण्यावरून माणसांची आणि गावांची नावं इथे गाळली आहेत.) कोकणातून मुंबईला आलेल्या माणसाला गावाचं नाव सहज चिकटे. एका गावचा ब्राह्मण, भंडारी, मराठा, कुणबी, सुतार असे सगळे मुंबईत एकाच 'कर'चे होऊ शकत. चित्पावनांच्या आणि इतर काही घराण्यांच्या कुलवृत्तान्तांमुळे त्यांची नावं पुस्तकांतून साईटवर गेली आहेत. गिरणीत साचे चालवणाऱ्याच्या आज्याचं नाव तिथे कोण टाकणार? मग संगणक जवळचा 'कर' शोधतो आणि जोडून देतो. इथे जोडलेल्या घराण्याचं कुलदैवतही वेगळं होतं, पण संगणकाला त्याचं काय!

मी बँकेतून निवृत्त झालो होतो. सह्या पडताळण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे न जुळणारा आकडा दिसला की झोप येत नाही. "मी बघतो," म्हणालो. दोन वर्षं लागली.

घरात काय माहीत होतं

तीन गोष्टी. एक, गाव अमुक, कारण आडनाव तेच. दोन, माझे आजेसासरे लहानपणी मुंबईला आले, लालबागला गाळ्यात राहिले, गिरणीत लागले. तीन, त्यांचे वडील, म्हणजे फ्रेममधले पणजोबा, 'रामदास' बोटीत बुडाले.

तिसरी गोष्ट कागद न बघताच डळमळीत वाटली. 'रामदास' बुडाली 17 जुलै 1947 ला, गटारीच्या दिवशी. सहाशेच्या वर माणसं गेली. पण ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती, अलिबागच्या बाजूला. मालवणचा माणूस तिच्यात कशाला बसेल? शिवाय मालवण-वेंगुर्ल्याच्या बोटी पावसाळ्यात बंद असत. आषाढात गावी जायचं तर घाट उतरूनच. माणूस दुसऱ्या कामाने रेवसला निघालाही असेल, म्हणून एवढ्यावरून गोष्ट खोटी ठरत नाही. पण मोठी दुर्घटना घडली की आसपासचे हरवलेले मृत्यू तिच्या नावावर जमा होतात. पुढे पन्नास वर्षांनी "आजोबा कसे गेले" या प्रश्नाला तेच एक उत्तर उरतं.

पलंगाखालच्या ट्रंकेत गिरणीचे कागद होते. 1982 च्या संपानंतर घरांच्या सोडतीसाठी गिरणी कामगारांना जुनी तिकिटं, फंडाच्या पावत्या, हजेरीकार्डं दाखवावी लागली. म्हणून ज्या घरांत एरवी चिठोरंही टिकत नाही तिथे हे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेले सापडतात. त्यांतच आजेसासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला होता. जन्म 1 जून 1912. एक जून ही मास्तरांची तारीख. तिच्यावरून सालाचा अंदाज घ्यायचा, दिवसाचा नाही. जन्मगाव लिहिलेला भाग वाळवीने खाल्ला होता.

दाखला म्हणजे रजिस्टरातून उतरवलेल्या चार ओळी. मूळ रजिस्टरात रकाने जास्त असतात. ती म्युनिसिपालिटीची शाळा कधीच दुसऱ्या शाळेत मिळवून टाकली होती. जुनी जनरल रजिस्टरं नव्या शाळेच्या कपाटावर, क्रीडासाहित्याच्या मागे होती. मुख्याध्यापिकाबाईंनी शिपायाला शिडी लावायला सांगितली. प्रवेशाच्या नोंदीत 'पालकाचे नाव व नाते' या रकान्यात एक नाव आणि पुढे एक शब्द होता: मामा.

बाप असता तर पालक मामा का झाला असता? नोंद 1921 ची. म्हणजे 'रामदास' बुडण्याच्या सव्वीस वर्षं आधीच हा मुलगा मामाच्या हवाली होता.

चुकीचं गाव

हे डोक्यात असूनही मी मेव्हण्याला घेऊन आडनावाच्या गावी गेलो, हा माझा मूर्खपणा. तलाठी कार्यालयात जुने उतारे चाळले, देवळात मानकऱ्यांना विचारलं. पाहुणचार झाला, सोलकढी झाली, पण त्या नावाचं खातं नाही, घराची जोती नाही. एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुमचो देव खयचो?" मेव्हण्याने कुलदैवत सांगितलं. म्हातारा हसला. म्हणाला, तो देव इथला नाही, खाडीपलीकडचा.

परतीच्या गाडीत उलगडलं. मुलाला मामाने शाळेत घातलं, तर आडनावाच्या रकान्यात मामाने काय सांगितलं असेल? स्वतःचंच. म्हणजे हे गाव आजोळ. तीन पिढ्या हे कुटुंब मामाच्या गावाचं आडनाव लावत होतं.

देवाच्या धाग्याने खाडीपलीकडचं गाव शोधणं शक्य होतं, पण लालबागचा गाळा जवळ होता. गिरणगावात कोकणातल्या गावांनी भाड्याने घेतलेल्या खोल्या असत. एकेका खोलीत तीस-चाळीस माणसं पाळ्यांप्रमाणे झोपत, भिंतीला ट्रंका लावलेल्या, जेवण खानावळीत. वर्गणी गोळा होई, म्हणून हिशेबवही असे, आणि वही असे म्हणून नावं असत. कुठल्याही सरकारी दप्तरात न सापडणारा गिरणी कामगार इथे दरमहा हजेरी लावून गेलेला असतो.

खाडीपलीकडच्या गावाचं मंडळ अजून आहे. खोली गेली, वह्या सेक्रेटरींच्या घरी डोंबिवलीला. 1934 च्या वहीत आजेसासऱ्यांचं नाव सापडलं, आडनावाशिवाय: नाव, बापाचं नाव, वाडीचं नाव. माणूस शाळेत आणि गिरणीत मामाच्या आडनावाने वावरला, पण झोपायला बापाच्या गावच्या गाळ्यात गेला. त्याला सगळं ठाऊक होतं. मुलांना सांगितलं मात्र नाही.

'रामदास'चा उलगडाही त्याच वहीत झाला. 1947 च्या श्रावणात मंडळाने एका सभासदाच्या कुटुंबाला मदत दिल्याची नोंद आहे, कारण 'रामदास बोटीत मयत'. त्याचं पहिलं नाव पणजोबांचंच, वाडी वेगळी. सेक्रेटरींच्या वडिलांच्या सांगण्याप्रमाणे त्याची सासुरवाडी रेवसकडची होती. नाव एक, माणसं दोन. कुणाच्या तरी बोलण्यातून तो मृत्यू या घरात आला आणि राहिला.

आजींची पानं

सेक्रेटरींनी गावातल्या एका आजींचा पत्ता दिला. नात्याने त्या माझ्या चुलत आजेसासू: आजेसासऱ्यांच्या चुलतभावाच्या विधवा, नव्वदीच्या, सून होऊन आल्या त्याला सत्तर वर्षं झालेली. मी वही-पेन घेऊन समोर बसलो आणि विचारलं, आजी, तुमच्या सासऱ्यांचे वडील कोण? त्यांना सांगता येईना. सासऱ्याचं नावही तोंडातून निघेना. जुन्या बायका घेत नाहीत. तासभर मी त्यांना छळलं आणि काही मिळालं नाही.

दुसऱ्या खेपेला पितृपक्षात गेलो, मुद्दाम. त्यांच्या घरी म्हाळ होता. सून वाढत होती, आजी भिंतीला टेकून कुठलं पान कुणाचं ते सांगत होत्या. केळीची पानं एका रांगेत, आणि बोट एकेका पानाकडे: "ह्यां मामंजींचां. ह्यां सासूबायचां. ह्यां थोरल्याचां, तापान गेलो तो. ह्यां आज्याचां, ह्यां आजयेचां." मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून लिहीत होतो. शेवटचं पान रांगेपासून हातभर दूर, दाराच्या बाजूला.

"ह्यां वाटेवरच्याचां."

"कोण तो, आजी?"

"काय म्हायत. सासूबाय मांडी, म्हणान मी मांडतंय."

घराण्यात दिलेली सून नवऱ्याच्या पितरांचा क्रम पानांच्या रांगेने पाठ करते. नावं नसतात, पण जागा चुकत नाही. थोरला 'तापाने' गेला, हे मला फुकट मिळालं. थोरला म्हणजेच पणजोबा असावेत, असा अंदाज मी वहीत पेन्सिलने लिहिला.

फेरफार

आता नावापेक्षा नेमकी गोष्ट हातात होती: गाव, वाडी, जमीन. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करताना नवखा माणूस लिहितो, "माझ्या पणजोबांची नोंद शोधून द्यावी." उत्तर येतं, 'आढळ होत नाही'. तिथे नावाने काहीच लावलेलं नसतं. गाव, नमुना, साल असा क्रम सांगितला तर गठ्ठा निघतो. मी दोन अर्ज केले, कोर्ट फी स्टँप लावून: गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, 1911 ते 1920, आणि त्याच काळाचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या खात्यावर नावं बदलल्याच्या नोंदी.

गठ्ठे निघायला 2023 चा हिवाळा उजाडला. तोवर राज्यभर जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं होतं आणि वर्षानुवर्षं न सुटलेल्या दोऱ्या सुटत होत्या. माझी सोय झाली, पण घरातले चार नातेवाईक अचानक इतिहासप्रेमी झाले. जातीच्या रकान्यात काय सापडलं, एवढाच त्यांचा प्रश्न. त्याचं उत्तर मी त्यांना दिलं, इथे लिहीत नाही.

मृत्यूच्या रजिस्टरात ऑक्टोबर 1918 ची तीन पानं दाट भरलेली होती. आधीच्या महिन्यांत ओळी विरळ, इथे शाई पातळ करून लिहिलेल्या एकाखाली एक ओळी. इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट. आजाराचा रकाना सगळीकडे सारखाच: ताप, ताप, ताप, आणि पुढे लिहिणाऱ्याने कंटाळून नुसत्या टिंबटिंब खुणा केल्या होत्या. पणजोबा त्यांतच होते, वय तीस. वाडी जुळते, बापाचं नाव जुळतं. जन्माच्या रजिस्टराचा मात्र उपयोग झाला नाही. तिथे बाळाला नाव नसतं. बापाचं नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी', एवढंच. 1911 ते 1913 मध्ये या बापाला दोन मुलगे झालेले दिसतात. आमचा कुठला, ते ठरवता येत नाही.

खरी गोष्ट फेरफारात होती. 1919 ची नोंद, बालबोधीत म्हणजे देवनागरीत, बोरूच्या जाड अक्षरात. मजकूर थोडक्यात असा: खातेदार ए.कु.मॅ. मयत, वारस मुलगा अज्ञान, अ.पा.क. चुलता, धाकटा बंधू पलटणीत मयत, बिनवारस, सबब नाव कमी केले. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन मुलाचा पालक. खातेदाराचं नाव मूळ आडनावासकट होतं, ज्याची मालवण तालुक्यात शेकडो घरं आहेत. अकरा पिढ्यांच्या फ्रेममध्ये त्याचा मागमूस नव्हता.

या चार ओळी मी घरी आणून आठवडाभर वाचत होतो. जे लिहिलंय ते एक. जे लिहिलेलं नाही ते असं: अज्ञान मुलाची आई जिवंत असेल तर पालक म्हणून सहसा तिचं नाव लागतं. इथे चुलत्याचं लागलं. ती वारली म्हणावं तर 1920 पर्यंतच्या मृत्यूच्या रजिस्टरात ती नाही. आणि दोन वर्षांनी मुंबईच्या शाळेत पालक म्हणून तिचा भाऊ उभा राहतो. 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला मोकळीक दिली, पण लग्न केलं की मयत नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपे. तिने पाट लावला, म्हणजे दुसरं लग्न केलं असेल, तर खात्यावर ती दिसणारच नाही.

आजींना फोनवर विचारलं. थोडा वेळ शांतता, मग म्हणाल्या, "ती मागीर दुसऱ्या घराक गेली." कुणाच्या, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वीस-बावीस वर्षांची बाई, इन्फ्लुएन्झाने उठवलेलं घर. मूल मामाकडे, ती दुसऱ्या संसारात. माझे आजेसासरे आयुष्यभर गप्प का राहिले आणि 'रामदास'ची गोष्ट त्यांनी का खोडून काढली नाही, याचं माझं उत्तर हे आहे. पुरावा म्हणून मी ते मांडत नाही. मेव्हण्याला सगळं दाखवलं, आणि कुटुंबाच्या वहीत लिहायचं की नाही ते सासूबाईंवर सोडलं. त्यांनी लिहायला सांगितलं. "पाटच लावला ना, चोरी नाय केली," एवढंच म्हणाल्या.

फेरफाराच्या मागे जायचं तर गाव खोती, म्हणजे सारा खोतामार्फत वसूल होणारं. 1880 च्या खोती कायद्याखाली खोताला कुठलं कूळ किती देणं लागतं त्याची नोंद 'बोटखता'त असे. ते मोडीत होतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही, आधी सबंध ओळीवर रेघ ओढायची आणि अक्षरं तिला टांगत जायचं. तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना सरकारी कामातून उसंत नव्हती. तीन महिन्यांनी एक निवृत्त शिक्षक भेटले. त्यांनी 'अमुक बिन तमुक' असं खापरपणजोबांचं नाव आणि त्यांच्या बापाचं नाव वाचून दिलं. पण त्याच पानावर त्याच नावाचं दुसरं कूळ आहे, आणि बापाचं नाव एका अक्षराने वेगळं वाचावं की तेच, यावर गुरुजींचं स्वतःशीच एकमत होईना. तिथे मी रेघ मारली. अकरा पिढ्यांतल्या मोजक्याच उरल्या, त्यांतली वरची एक पेन्सिलीत. मेव्हण्याने फ्रेम उतरवली, पण टाकली नाही, कपाटामागे आहे.

पलटण

'पलटणीत मयत' राहिलं होतं. गावच्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. अशा पाट्या पहिल्या महायुद्धानंतर अनेक गावांत लागल्या: या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके मेले. या गावचे मेले तीन. नावं नाहीत.

आता मात्र इंटरनेट उपयोगी पडलं. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची मृतांची यादी ऑनलाइन आहे. पहिल्या दिवशी मी तिच्यात नाव टाकलं असतं, तर त्या नावाचे ढीगभर मराठे शिपाई आले असते. आता नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, सगळं हातात होतं. तरी गाव इंग्रजी कारकुनाने असं लिहिलं होतं की मोठ्याने वाचल्यावरच कळलं. शिपाई, 103 वी मराठा लाइट इन्फंट्री, मृत्यू एप्रिल 1916, बसरा स्मारक. त्या स्मारकाच्या दगडावर हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत, अधिकाऱ्यांचीच कोरली. शिपायांचा नुसता आकडा. नावं नोंदवहीत राहिली.

103 वी पलटण तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूतला वेढ्यात अडकली होती. वेढा 7 डिसेंबर 1915 ला पडला आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागतीने संपला. अन्न संपत आलं तेव्हा घोडे कापले. हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस नाकारलं, आणि त्यांचा शिधा मूठ-दोन मूठ पिठावर आला होता.

गेल्या पितृपक्षात पुन्हा गेलो. मेव्हणाही होता, गावच्या घराच्या पडवीत तो पहिल्यांदाच बसला होता. आजींना सांगितलं की वाटेवरच्याचं नाव सापडलं, तो तुमच्या सासऱ्यांचा धाकटा भाऊ, लढाईत गेला. त्यांनी नाव दोनदा म्हणून बघितलं. दिराचं-सासऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाईने चुलत सासऱ्याचं नाव घेतलं, कदाचित त्याला कधी बघितलंच नव्हतं म्हणून.

"खंय गेलो तो?"

"बसऱ्याच्या बाजूला, आजी. बोटीने."

सून पान मांडत होती. आजींनी ते रांगेत सरकवायला लावलं नाही, दाराकडेच राहू दिलं.

"थंय भात गावता?"

मी म्हणालो, "गावता."